तालुक्याच्या महाविद्यालयातून जनुकीय माहितीचे विश्लेषण : गॅलेक्सी आणि इतर वेब-आधारित वर्कफ्लो प्रणाली

वर्धाकाठ (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार.

विदर्भातील ग्रामीण महाविद्यालयांत जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जनुकीय माहितीचे विश्लेषण शिकवायचे म्हटले की सर्वांत आधी संगणकाची अडचण पुढे केली जाते. प्रयोगशाळेतील संगणक चार किंवा आठ जीबी मेमरीचे असतात, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो आणि इंटरनेट म्हणजे बहुधा कुणाच्या तरी मोबाइलचा हॉटस्पॉट असतो. माझे म्हणणे असे आहे की ब्राउझरमधून चालणाऱ्या वर्कफ्लो प्रणाली, म्हणजे विश्लेषणाच्या पायऱ्या क्रमाने जोडून चालवणारी साधने, उपलब्ध झाल्यापासून ही अडचण मुख्य राहिलेली नाही. परंतु आपले बरेच सहकारी या प्रणालींकडे फुकट मिळणारा मोठा संगणक एवढ्याच दृष्टीने पाहतात, आणि त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट, म्हणजे प्रत्येक पायरीची आपोआप होणारी नोंद, वापरतच नाहीत. त्याविषयी सविस्तर लिहावे आणि इतरांचा अनुभव जाणून घ्यावा, यासाठी हा धागा काढला आहे.

मी स्वतः गॅलेक्सी वापरते आणि शिकवते. ही मुक्तस्रोत प्रणाली 2005 पासून उपलब्ध आहे. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात अँटन नेक्रुटेन्को आणि जेम्स टेलर यांच्या गटाने तिची सुरुवात केली. आज अमेरिकेत, जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आणि ऑस्ट्रेलियात तिचे मोठे सार्वजनिक सर्व्हर आहेत व जगातील कोणीही तेथे विनामूल्य खाते उघडू शकतो. पडद्याच्या डाव्या बाजूस टूलची यादी असते, मध्यभागी निवडलेल्या टूलचा फॉर्म असतो आणि उजव्या बाजूस ‘हिस्टरी’ असते. आपण चालवलेली प्रत्येक पायरी या हिस्टरीत एकेका चौकटीच्या रूपाने येते. ती रांगेत असेल तर करडी, चालू असेल तर पिवळी, पूर्ण झाली तर हिरवी आणि बिघडली तर लाल दिसते. काम एकदा सर्व्हरकडे गेले की ब्राउझर बंद केला, वीज गेली किंवा हॉटस्पॉट देणारा विद्यार्थी बस पकडून गावी निघून गेला, तरी ते काम तिकडे चालूच राहते. आपल्या परिस्थितीत या एका गोष्टीचे महत्त्व फार मोठे आहे.

उदाहरण आपल्याच शेतातले घेऊ. गुलाबी बोंडअळी भारतात बीटी कपाशीतील क्राय1एसी आणि क्राय2एबी या दोन्ही प्रथिनांना दाद देईनाशी झाली, हे आपल्याकडील प्रत्येक कापूस उत्पादकाला ठाऊक आहे. त्यामागची रेणवीय कारणेही बरीच उलगडली आहेत. क्राय1एसीच्या बाबतीत कॅडहेरिन प्रथिनाच्या जनुकातील बदल, आणि क्राय2एबीच्या बाबतीत एबीसीए2 या वाहक प्रथिनाच्या जनुकातील बदल कारणीभूत असल्याचे दाखवले गेले आहे. या अळीची आरएनए-सिक्वेन्सची माहिती, म्हणजे कोणते जनुक किती सक्रिय आहे हे दाखवणारी माहिती, एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या एसआरए या जनुकीय क्रमांच्या भांडारात खुली आहे. विद्यार्थ्याने तिचा क्रमांक गॅलेक्सीतील संबंधित टूलला दिला की ती माहिती भांडारातून थेट गॅलेक्सीच्या सर्व्हरवर जाते, आपल्या मोबाइलच्या डेटामधून नाही. मग फास्टक्यूसीने गुणवत्ता पाहावी, टोकांवरील खराब भाग छाटावा, हायसॅट2 ने अळीच्या जीनोमशी (संपूर्ण जनुकीय क्रमाशी) जुळवणी करावी, फीचरकाउंट्सने प्रत्येक जनुकाची मोजणी करावी आणि डीसेक2 ने दोन गटांतील (उदा. बीटीला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या अळ्यांतील) फरक काढावा. अळीचा जीनोम सर्व्हरच्या तयार यादीत नसेल, तर एनसीबीआयवरील त्याचा दुवा देऊन तो आपल्या हिस्टरीत आणता येतो. शेवटी आपल्या संगणकावर उतरवावे लागते ते केवळ काही एमबींचे तक्ते आणि आलेख.

आता नोंदीविषयी. वर दिलेल्या पायऱ्या वाचायला सरळ वाटतात, पण प्रत्येक पायरीत उत्तर बदलून टाकणारे निर्णय दडलेले आहेत. फीचरकाउंट्सचेच पाहा. नमुना तयार करताना आरएनएच्या धाग्याची दिशा राखली होती की नाही, हे त्याला सांगावे लागते, आणि ते उलटे सांगितले तर बहुतांश रीड (यंत्राने वाचलेले क्रमाचे तुकडे) मोजणीतून गळतात. याच टूलच्या 2.0.2 या आवृत्तीपासून जोडीने वाचलेल्या रीडच्या मोजणीचा नियमही बदलला. पूर्वी ‘-पी’ हा एकच पर्याय दिला की जोडी एक धरली जात असे. आता त्यासाठी आणखी एक पर्याय स्वतंत्रपणे द्यावा लागतो, अन्यथा जोडीतील दोन्ही रीड वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे तीच आज्ञा जुन्या आणि नव्या आवृत्तीत दिली तर आकडे जवळजवळ दुप्पट होऊ शकतात. प्रबंधात ‘फीचरकाउंट्सने मोजणी केली’ एवढेच लिहिलेले असेल, तर परीक्षकाला यांतले काहीही पडताळता येणार नाही.

गॅलेक्सीच्या हिस्टरीत मात्र टूलचे नाव, नेमकी आवृत्ती, प्रत्येक पॅरामीटरचे मूल्य, कोणती फाईल आत गेली आणि कोणती बाहेर आली, हे सर्व आपोआप साठते. त्या हिस्टरीवरून एका आज्ञेने वर्कफ्लो तयार करता येतो, दुसऱ्या माहितीवर तो तसाच चालवता येतो आणि त्याचा दुवा मार्गदर्शकाला पाठवता येतो. विद्यार्थी मार्गदर्शकापासून ऐंशी किलोमीटरवर राहत असेल, तर अशा दुव्याचे मोल काय असते हे मी निराळे सांगायला नको.

अपलोडविषयी थोडे. पाच जीबीची फाईल 2 एमबीपीएसच्या वेगाने वर चढवायची असेल, तर सलग साडेपाच तास लागतात, आणि आपल्याकडे एवढा वेळ जोडणी क्वचितच टिकते. म्हणून सिक्वेन्सिंग करून देणाऱ्या प्रयोगशाळेने डाउनलोडचा दुवा पाठवला असेल, तर फाईल आपल्याकडे उतरवून पुन्हा वर चढवू नये. गॅलेक्सीच्या अपलोड खिडकीत तो दुवाच चिकटवावा, म्हणजे फाईल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर थेट जाते. दुवा मात्र प्रत्यक्ष फाईलकडे नेणारा हवा. लॉगिन मागणाऱ्या पानाचा दुवा दिला, तर फाईलच्या जागी त्या पानाचा मजकूर येऊन बसतो. फाईल पोहोचल्यावर तिची एमडी5 बेरीज (फाईल वाटेत बिघडली नाही ना, हे दाखवणारा आकडा) प्रयोगशाळेने दिलेल्या बेरजेशी ताडून पाहावी.

आपण कोणती प्रणाली वापरता, आणि नोंदीची शिस्त कशी राखता, हे कृपया लिहावे.

---

मोर्शीकर

ताई, अत्यंत गरजेचा विषय मांडल्याबद्दल आभार. मी संत्र्यावरील रोगांवर पीएचडीचे काम करतो आणि माझे बहुतेक विश्लेषण नेक्स्टफ्लो या आज्ञा लिहून चालवायच्या वर्कफ्लो प्रणालीत आहे. त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो.

आपल्या मुख्य मुद्द्याशी, म्हणजे नोंद ही खरी कमाई आहे याच्याशी, मी पूर्ण सहमत आहे. परंतु ती नोंद ब्राउझरमध्येच असावी, असे मला वाटत नाही. स्नेकमेक ही अशीच दुसरी प्रणाली 2012 साली आली आणि त्यापाठोपाठ बार्सिलोनातील जीनोम नियमन केंद्रात नेक्स्टफ्लो तयार झाले. या दोन्हींत संपूर्ण वर्कफ्लो साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे तो गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत ठेवता येतो आणि कोणती ओळ कोणी, केव्हा, का बदलली, हे ओळीगणिक दिसते. गॅलेक्सीच्या हिस्टरीत आपण काय केले हे दिसते, पण ते का केले हे कोणीतरी लिहून ठेवल्याशिवाय दिसत नाही.

दुसरी बाब टिकाऊपणाची आहे. इंटरनेटवर विसंबलेल्या वर्कफ्लोंचा इतिहास आपण विसरू नये. मँचेस्टर विद्यापीठात कॅरोल गोबल यांच्या गटाने विकसित केलेली टॅव्हर्ना ही प्रणाली एके काळी जीवशास्त्रात मोठ्या प्रमाणावर वापरली जात होती, आणि तिचे वर्कफ्लो एकमेकांना देण्यासाठी 2007 मध्ये मायएक्सपेरिमेंट हे संकेतस्थळही सुरू झाले. टॅव्हर्नाचे वर्कफ्लो जगभरातील निरनिराळ्या वेब-सेवांना हाक मारून काम करत असत. त्या सेवा एकेक करून बंद पडल्या किंवा बदलल्या, आणि 2012 मध्ये त्या संकेतस्थळावरील काही वर्कफ्लो पुन्हा चालवून पाहिले गेले तेव्हा त्यांतील सुमारे 80 टक्के चालले नाहीत किंवा त्यांनी पूर्वीचे उत्तर दिले नाही. पुढे 2020 मध्ये टॅव्हर्नाचा अपाची प्रकल्पही बंद झाला. पायऱ्यांची नोंद तर होती, पण ज्यावर त्या पायऱ्या चालत होत्या ती जमीनच सरकली. गॅलेक्सीचे सार्वजनिक सर्व्हर उद्या बंद झाले, तर आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे काय होईल, याचा विचार करून ठेवावा, असे मला वाटते.

---

वर्धाकाठ

मोर्शीकर सर, टॅव्हर्नाचा दाखला अगदी योग्य जागी दिलात. तोच धडा घेऊन पुढच्या प्रणाली बदलल्या, असे मी म्हणेन. गॅलेक्सीत टूल म्हणजे दूरची परकी सेवा नसते. ते सर्व्हरवरच विशिष्ट आवृत्तीसह बसवलेले असते आणि बहुतेक टूल बायोकोंडा या सॉफ्टवेअर-भांडाराच्या पॅकेजमधून किंवा कंटेनरमधून (टूल आणि त्याला लागणारे सर्व काही एकत्र बांधलेल्या डब्यातून) येते. त्याच पॅकेजमधून ते आपल्या नेक्स्टफ्लोलाही मिळते. म्हणून सर्व्हर बंद झाला तरी वर्कफ्लोची फाईल आणि त्या आवृत्त्यांची पॅकेजे हाती असतील, तर दुसऱ्या गॅलेक्सीवर तेच विश्लेषण पुन्हा उभे करता येते. यासाठी विद्यार्थ्यांनी तीन गोष्टी कटाक्षाने कराव्यात, असा माझा आग्रह असतो. वर्कफ्लोची फाईल उतरवून घ्यावी, हिस्टरीची निर्यात करून ठेवावी आणि प्रबंध सादर करण्यापूर्वी वर्कफ्लो वर्कफ्लोहबवर नोंदवावा. वर्कफ्लोहब ही नोंदवही 2020 पासून उपलब्ध आहे. तेथे वर्कफ्लोला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक घेता येतो आणि गॅलेक्सी, नेक्स्टफ्लो, स्नेकमेक असे सर्व प्रकार चालतात. तेव्हा आपण दोघे निरनिराळ्या प्रणाली वापरूनही एकाच ठिकाणी काम ठेवू शकतो.

‘का केले’ हा आपला आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. गॅलेक्सीत प्रत्येक हिस्टरीला आणि प्रत्येक फाईलला टिपण जोडण्याची सोय आहे. पॅरामीटर मूळ मूल्यापासून बदलले की त्याचे कारण त्याच वेळी एका वाक्यात लिहायचे, असा नियम मी घालून दिला आहे. हे काम प्रणाली करत नाही, माणसालाच करावे लागते, आणि शिक्षकाने हिस्टरी तपासताना टिपणे मागितली नाहीत तर विद्यार्थी ती लिहीत नाहीत.

नवख्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने आणखी एक फरक राहतो. नेक्स्टफ्लो शिकण्याआधी लिनक्सची आज्ञावली शिकावी लागते आणि ती चालवायला यंत्र लागते. ज्या विद्यार्थिनीने घरी कधी संगणकच पाहिलेला नाही, ती गॅलेक्सीत थोड्या सरावाने गुणवत्तेचा आलेख पाहून ‘या नमुन्याच्या शेवटच्या भागाचा दर्जा घसरला आहे’ असे स्वतःहून सांगू लागते. जीवशास्त्राचा प्रश्न तिच्यापर्यंत आधी पोहोचतो आणि आज्ञावली मागाहून येते, हा क्रम मला अधिक न्याय्य वाटतो.

---

पुसदची विद्यार्थिनी

मॅडम, माझे हायसॅट2 चे काम कालपासून करडेच आहे. मी ते तीन वेळा पुन्हा पाठवले. शिवाय जागा संपत आल्याचे दाखवते आहे, तरी मी बऱ्याच फाइली काढून टाकल्या आहेत. काही चुकते आहे का?

---

सर्व्हर सांभाळणारा, नागपूर

याचे उत्तर मी देतो, कारण एका संस्थेतील संगणक-समूह सांभाळणे हेच माझे काम आहे.

करडी चौकट म्हणजे काम रांगेत आहे. सार्वजनिक सर्व्हरवर जगभरातून कामे येतात. टूलला किती मेमरी आणि किती कोअर लागतील, हे पाहून नियोजक त्यांना जागा देतो. जास्त मेमरी मागणारी कामे अधिक वेळ थांबतात. तेच काम पुन्हा पाठवल्याने ते लवकर लागत नाही, उलट नवे काम रांगेच्या शेवटी जाऊन बसते. म्हणून पहिले काम राहू द्यावे आणि नंतरची रद्द करावीत. जुळवणीसाठी हायसॅट2 निवडलेत हे चांगले केलेत. स्टार या टूलला मानवी जीनोमसाठी 30 जीबीच्या आसपास मेमरी लागते, तर हायसॅट2 त्याच कामासाठी आठ-दहा जीबीत भागवते.

जागेविषयी : हिस्टरीतून फाईल काढली तरी ती लगेच नष्ट होत नाही, कारण चुकून काढलेली फाईल परत आणण्याची सोय ठेवलेली असते, आणि तोवर ती आपल्या वाट्यातच मोजली जाते. तिला कायमचे नष्ट करण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. युरोपीय सर्व्हरवर नोंदणीकृत वापरकर्त्याला 250 जीबी मिळतात. छाटणी झाल्यावर आणि गुणवत्ता तपासल्यावर मधल्या अवस्थेतील फाइली कायमच्या काढल्या, तर पदव्युत्तर प्रकल्पाला एवढी जागा पुरते. मूळ फाईल भांडारात असेल तर तीही पुन्हा मागवता येते. एकाच सर्व्हरवर दुसरे खाते मात्र उघडू नये. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यामुळे दोन्ही खाती बंद होऊ शकतात.

---

पुसदची विद्यार्थिनी

सर, खूप आभार. नंतरची कामे रद्द केली आणि पहिले आता पिवळे झाले आहे.

---

गडचिरोलीतील डॉक्टर

चर्चा वाचून फार बरे वाटले, तथापि एका बाबीकडे सर्वांचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. बोंडअळीची माहिती परदेशातील सर्व्हरवर ठेवणे वेगळे आणि माणसाची ठेवणे वेगळे.

आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न मोठा आहे. एचबीबी या जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि त्यातून पुढचे सर्व दुखणे उद्भवते. केवळ हा बदल आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर कोणत्याही वर्कफ्लोची गरज नाही. विद्राव्यता चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यांनी ते काम होते. संशोधनाचा प्रश्न त्यापुढचा आहे. मध्य भारतात आढळणाऱ्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपमध्ये (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय बदलांच्या संचात) गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण प्रौढपणीही तुलनेने अधिक राहते. तरीही एकाच कुटुंबातील एका मुलाला वारंवार वेदनेचे झटके येतात आणि दुसऱ्याला क्वचितच येतात, ते का, याचे उत्तर इतर जनुकांत शोधावे लागते. त्यासाठी अनेक रुग्णांचे जनुकीय क्रम पाहावे लागतात, आणि मग आपण म्हणता त्या प्रणाली आम्हालाही हव्या आहेत.

परंतु नाव पुसले म्हणजे माहिती निनावी झाली, असे जनुकीय क्रमाच्या बाबतीत होत नाही. क्रम स्वतःच ओळख असतो. त्यात आमच्याकडील टोले लहान असतात. गावाचे नाव, वय आणि आजार एवढे तीन रकाने एकत्र आले, तर माणूस कोण हे शेजारच्या गावातील कोणीही सांगेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आणि संस्थेची नैतिकता समिती यांच्या चौकटीबाहेर एकही फाईल जाता कामा नये. आणि संमतीपत्र ज्या भाषेत रुग्णाला समजते त्या भाषेत, म्हणजे आमच्याकडे गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाला तोंडी नीट समजावून, घेतलेले असावे. ‘माझ्या रक्ताची माहिती दुसऱ्या देशातील यंत्रावर ठेवली जाईल’ हे त्या आईला सांगितले होते का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो, आणि सांगितले नसेल तर अपलोडचे बटण दाबण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

वर्धाकाठ

डॉक्टरसाहेब, आपला मुद्दा मी माझ्या वर्गाच्या पहिल्याच तासात घेते आणि यापुढे आपल्या शब्दांत घेईन. मानवी नमुन्यांची माहिती सार्वजनिक सर्व्हरवर चढवू नये, असेच मी विद्यार्थ्यांना सांगते. सरावासाठी खुल्या भांडारात रीतसर संमतीने ठेवलेली माहिती पुरेशी आहे.

यावर एक मार्ग आहे. गॅलेक्सीचा वर्कफ्लो म्हणजे काही केबींची मजकूर-फाईल असते. सरावाच्या खुल्या माहितीवर तो सार्वजनिक सर्व्हरवर तयार करावा, तपासावा, मार्गदर्शकांकडून मंजूर करून घ्यावा, आणि मग ती लहान फाईल संस्थेच्या आतल्या गॅलेक्सीत नेऊन रुग्णांची माहिती तेथेच चालवावी. पद्धत प्रवास करते आणि माहिती जागची हलत नाही. नागपूरच्या सरांनी अशा आतल्या स्थापनेविषयी लिहावे, अशी विनंती करते.

---

सर्व्हर सांभाळणारा, नागपूर

स्थापना करणे अवघड नाही, सांभाळणे अवघड आहे. गॅलेक्सी मुक्तस्रोत असल्यामुळे लिनक्सच्या एका बऱ्या यंत्रावर ती एका दुपारी सुरू होते. 64 जीबी मेमरी, सोळा कोअर आणि काही टीबी डिस्क असलेल्या यंत्रावर एका लहान गटाचे मानवी एक्झोमचे काम होऊ शकते. एक्झोम म्हणजे जीनोमचा फक्त प्रथिने कशी बनवायची हे ठरवणारा एक-दोन टक्के भाग, त्यामुळे फाइली आटोपशीर राहतात. संपूर्ण जीनोमसाठी मात्र एका यंत्रावर अवलंबून राहू नये.

परंतु यंत्र आल्यावर पुढचे प्रश्न सुरू होतात. सुरक्षा-अद्यतने कोण करणार, बॅकअप कोठे ठेवणार, पासवर्ड विसरलेल्याला कोण मदत करणार, आणि उन्हाळ्यात 46 अंश तापमानात वातानुकूलन बंद पडले तर यंत्र कोण बंद करणार? यूपीएस हवाच, आणि वीज गेल्यावर ठरावीक वेळाने यंत्र रीतसर बंद होईल अशी जोडणीही हवी, कारण डेटाबेस लिहिला जात असताना वीज तुटली तर हिस्टरीच्या नोंदी बिघडू शकतात, आणि ज्या नोंदीसाठी हा सारा खटाटोप आहे तीच गमावली जाते. एका संस्थेत अनुदानातून घेतलेले उत्तम यंत्र केवळ माणूस नेमला नाही म्हणून झाकून ठेवलेले मी पाहिले आहे. म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक महाविद्यालयाने वेगळे यंत्र न घेता जिल्ह्यातील दोन-तीन संस्थांनी मिळून एक घ्यावे आणि त्याच्या खर्चात माणसाचा पगार पहिल्या दिवसापासून धरावा.

याशिवाय, सरकारी निधीतून तयार होणाऱ्या जैविक माहितीसाठी फरिदाबाद येथे भारतीय जैविक माहिती केंद्र 2022 पासून कार्यरत आहे. आपली माहिती देशातच रीतसर जमा करायची असेल, तर तो मार्ग उपलब्ध आहे.

---

कोरडवाहू

मी जीवशास्त्राचा नाही, कृषी हवामानाचा आहे. माझ्याकडे महसूल मंडळनिहाय दैनंदिन पावसाचे तक्ते असतात. ते जोडायचे, गाळलेले दिवस शोधायचे, पावसाचे खंड मोजायचे आणि सोयाबीनच्या पेरणीच्या तारखांशी लावायचे, एवढे काम असते. सर्व मिळून काही एमबी माहिती होते. यासाठी गॅलेक्सी किंवा नेक्स्टफ्लो वापरणे योग्य ठरेल का? सध्या सर्व काम एक्सेलमध्ये हाताने चालते.

---

मोर्शीकर

सर, एवढ्या माहितीसाठी मोठी प्रणाली लागत नाही. आर किंवा पायथनमधील एक स्क्रिप्ट आणि गिट पुरेसे आहे. हाताने चालणारी एक्सेलची पायरी मात्र आधी काढावी, असे मी आग्रहाने सांगेन. एक्सेल माहितीचा अर्थ न विचारता लावते. जनुकशास्त्रात मार्च1 आणि सेप्ट2 अशा नावांची जनुके एक्सेलमध्ये उघडली की त्यांच्या तारखा होत असत. हा प्रकार इतका पसरला की 2020 मध्ये नामकरण समितीने त्या मानवी जनुकांची नावेच बदलली.

आपल्या तक्त्यांत धोका तारखेचाच आहे. 07/06 ही नोंद भारतीय पद्धतीने 7 जून होते आणि अमेरिकी पद्धतीने लावलेल्या संगणकावर 6 जुलै होते. तारीख 12 पेक्षा मोठी असेल तर असा संगणक तिला मजकूर समजून तशीच सोडतो, त्यामुळे अर्धी पत्रिका बरोबर आणि अर्धी उलटी होते आणि पटकन लक्षातही येत नाही. मृगाचा पाऊस जुलैत गेला, तर पेरणीच्या तारखेशी लावलेला संपूर्ण संबंध खोटा ठरतो. तारीख 2024-06-07 अशी वर्षापासून लिहावी, मूळ तक्ता जसा आला तसा न उघडता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा आणि पुढील प्रत्येक बदल स्क्रिप्टनेच करावा. पुढे उपग्रहाची चित्रे जोडायची झाली, तर सेंटिनेल-2 ची 10 मीटर विभेदनाची माहिती गूगल अर्थ इंजिनमध्ये ब्राउझरमधूनच हाताळता येते. तेथेही आपली स्क्रिप्ट जपून ठेवली की नोंद आपोआप राहते.

---

कोरडवाहू

उलट्या तारखांचा प्रकार आमच्या एका जुन्या तक्त्यात नेमका आहे. 12 तारखेनंतरचेच दिवस नीट लागतात, याचे कारण आज समजले. मूळ तक्ते वेगळे काढून ठेवले आहेत आणि स्क्रिप्टच्या कामाला लागतो.

---

गडचिरोलीतील डॉक्टर

वर्धाकाठ मॅडम, पद्धत तिकडे तयार करून इकडे चालवण्याचा आपला मार्ग मला व्यवहार्य वाटतो. आमच्या चमूत प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि दोन निवासी डॉक्टर आहेत, परंतु कोणीही यापूर्वी असे विश्लेषण केलेले नाही. त्यांच्या प्रशिक्षणाची काही सोय होऊ शकेल का? सार्वजनिक रांगेत सर्वांची कामे अडकून पडली तर दिवस वाया जाईल, ही माझी मुख्य काळजी आहे.

---

वर्धाकाठ

डॉक्टरसाहेब, नेमक्या याच अडचणीसाठी युरोपीय गॅलेक्सीने विनामूल्य सोय केली आहे. प्रशिक्षणाची तारीख, विषय आणि अंदाजे किती जण असतील, हे त्यांच्या अर्जात आधी कळवले की त्या दिवसापुरती प्रशिक्षणार्थींची कामे वेगळ्या राखीव यंत्रांवर जातात, आणि कोणाचे काम कोणत्या पायरीवर आहे हे शिक्षकाला एका पानावर दिसते. अर्ज किमान दोन-तीन आठवडे अगोदर करावा. गॅलेक्सी ट्रेनिंग नेटवर्कवरील पाठही मोफत आहेत आणि त्यांच्यासोबतची सरावाची माहिती मुद्दाम लहान केलेली असते, त्यामुळे प्रत्येक पायरी काही मिनिटांत संपते. आपल्या कामासाठी एक्झोममधून आजाराशी संबंधित बदल शोधण्याचा पाठ घ्यावा, असे सुचवते. त्यात आई, वडील आणि मूल अशा तिघांच्या माहितीवर काम करायचे असते.

प्रत्यक्ष दिवसाची तयारी अशी करावी. सर्वांची खाती आदल्या दिवशीच उघडून घ्यावीत, कारण पुष्टीचा ईमेल कधीकधी उशिरा पोहोचतो. पाठाची पाने आधी उतरवून छापून ठेवावीत, म्हणजे जोडणी तुटली तरी वाचन थांबत नाही. दोन वेगवेगळ्या मोबाइल कंपन्यांचे हॉटस्पॉट सोबत ठेवावेत. माहिती सर्व्हरवरच असल्यामुळे प्रत्येकाला लागणारा डेटा फारसा नसतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर वर्कफ्लोचा संपादक नीट हाताळता येत नाही, म्हणून दोघांत एक तरी लॅपटॉप हवा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्याला सोयीचा आठवडा कळवावा. अर्ज मी भरते. मोर्शीकर सर सोबत आले तर दुपारच्या सत्रात तोच वर्कफ्लो नेक्स्टफ्लोमध्ये कसा दिसतो, हेही दाखवता येईल.

---

मोर्शीकर

अवश्य येईन, ताई. संत्र्याचा आंबिया बहार तुटून झाला की मी मोकळा असतो. एक्झोमसाठी तयार असलेला सारेक हा नेक्स्टफ्लोचा वर्कफ्लो त्याच माहितीवर आधीच चालवून आणतो, म्हणजे दोन्ही प्रणालींनी शोधलेले बदल शेजारी ठेवून कोणते जुळतात आणि कोणते जुळत नाहीत, ते सर्वांना पाहता येईल.

---

गडचिरोलीतील डॉक्टर

डिसेंबरचा पहिला आठवडा आम्हाला चालेल. सभागृहात जनरेटरची सोय आहे. प्रशिक्षणार्थींची यादी आणि लॅपटॉपची संख्या या आठवड्यात आपल्याला निरोपातून पाठवतो. आतल्या यंत्राचा प्रस्ताव नैतिकता समितीच्या पुढील बैठकीत ठेवण्यासाठी नागपूरच्या सरांनी वर लिहिलेला खर्चाचा तपशील, विशेषतः नेमायच्या माणसाच्या कामाचे वर्णन, एका पानात लिहून दिले तर फार मदत होईल.